दिल्याचा गॅस

काल कट्ट्यावर जुंपली ती दिल्याच्या जबड्यावरून. बोलता बोलता सहज बोलून गेला, "पर्वती चढताना हल्ली जबडा भरून येतो. अर्ध्यात दोन मिनिटं टेकलं की जातं."

"दात दाखव," मंग्या.

"दात बसल्यावर दुखायचा थांबतो होय रे?" सुन्याचं मेडिकलचं दुकान आहे. निम्म्या पेठेचं दुखणं त्याला तोंडपाठ.

दिल्याने लगेच मोबाइल काढला. सोसायटीच्या शिबिरातल्या इसीजीचा फोटो, खाली 'नॉर्मल'. "गॅस आहे. इनो घेतो, उतरतं."

"इनोने उतरतं की टेकल्यावर?" सुन्या. दिल्या गप्प. "आणि हा इसीजी आडवं पडून काढलाय. तेव्हा हृदयाला काम काय असतं? चढताना रक्त जास्त लागतं, नळी अरुंद असली तर नेमकं तेव्हाच कमी पडतं. छातीतच दुखायला हवं असं नाही. जबडा, खांदा, हात, कुठेही."

मंग्या म्हणाला, त्याच्या आईला तर दुखलंच नव्हतं, नुसती धाप आणि घाम. शुगर होती.

अण्णा मात्र ऐकेनात. "हार्टवाल्याकडे गेलास की अँजिओग्राफी, अँजिओग्राफी केली की स्टेंट! 2017 ला सरकारने स्टेंटचे भाव बांधून दिले, पण बाकीचं बिल कोण बांधणार? आधी आपला फॅमिली डॉक्टर गाठ."

हे मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. सुन्यालाही. "जा ना. पण या आठवड्यात. आणि त्याला 'गॅस' सांगू नकोस, 'चढताना येतं, टेकल्यावर जातं' एवढंच सांग. तोच चिठ्ठी देईल. कित्येकांचं नुसत्या गोळ्यांवर निभतं, अण्णा. रोज विकतो मी."

"आणि टेकूनही नाही गेलं तर?" दिल्याचा आवाज जरा उतरला होता.

"किंवा बसल्या जागी आलं, घाम फुटला, तर अपॉइंटमेंट कसली घेतोस? 108 लाव. स्कूटरवर टांग टाकून जाऊ नकोस. आणि शेजाऱ्याची ती हार्टची गोळी, सॉर्बिट्रेट, तर मुळीच नको, बीपी धाडकन पडतं."

मीही मग जोर धरला. दिल्याला म्हटलं, शहाणपणा करू नकोस, आमचे अप्पा महिनाभर 'पित्त, पित्त' करत होते, 52 व्या वर्षी गेले.

सुन्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "52? वडिलांना पंचावन्नच्या आत झालं म्हणजे मुलाने दुखायची वाट बघायची नसते. तू कोलेस्टेरॉल कधी तपासलंस?"

"मला काही होत नाही रे."

"ते विचारलंच नाही मी. कधी तपासलंस?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. दिल्या तर जरा जास्तच खुशीत. शेवटी गुरुवारी दोघांनी मिळून जायचं ठरलं. मला उपाशीपोटी यायला सांगितलंय, म्हणजे रक्तही तिथेच देता येईल. तोवर दिल्याची पर्वती बंद.