पूर हळू चढतो म्हणूनच

ताई, पुराच्या तयारीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की सांगलीत कृष्णेचं पाणी फुटाफुटाने चढतं, आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते मोबाइलवर कळत राहते, कागद डिजिलॉकरमध्ये असतात. मग घर सोडताना न्यायची पिशवी जूनमध्येच भरून दाराशी ठेवायला सांगून मी लोकांना उगाच घाबरवते. शिवाय ती पिशवी म्हाताऱ्या माणसाला उचलणारही नाही.

वजनाचं तुमचं अगदी बरोबर. काल ताणकाट्यावर धरली, साडेअकरा किलो भरली! तांदूळ, स्टोव्ह, जादाची चादर काढली. आता ज्याचं त्याचं दप्तर वेगळं. सासूबाईंच्या दप्तरात फक्त औषधं, चष्मा आणि एक लुगडं. लेखातही तशी दुरुस्ती केली आहे.

पण पूर हळू चढतो, यातच खरा धोका आहे. आयर्विनला ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही तेव्हा सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात राहत होतो. '२००५ ला आपल्या पायरीशीच थांबलं होतं' एवढ्या भरवशावर दीड दिवस घालवला. धान्याची पोती, गाद्या, टीव्ही माळ्यावर चढवत राहिलो. बोट आली तेव्हा घरात कमरेएवढं पाणी, आणि सासूबाईंचं इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्येच राहिलं. लक्षात आलं ते निवारा केंद्रात, रात्री ताट पुढ्यात आल्यावर. ती रात्र मी विसरू शकत नाही.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, वापरायला काढलेलं त्यांचं इन्सुलिनचं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं. आपल्याकडे भर पावसाळ्यात घरात बहुधा तेवढा गारवा असतो. म्हणून पेन आणि सुया आता दप्तराच्या वरच्या कप्प्यातच असतात, रोज तिथूनच काढायच्या. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, आणि 'निघताना घ्या' अशी चिठ्ठी फ्रिजच्या दारावर.

डिजिलॉकरमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत, मान्य. पण पुरात वीज आधी बंद करतात. आमचे दोन्ही फोन दुसऱ्याच दिवशी बंद पडले आणि भावाचा नंबर कुणालाच पाठ नव्हता. आधार, पासबुकाच्या झेरॉक्स आणि हाताने लिहिलेले चार नंबर प्लास्टिकमध्ये ठेवायला कितीशी जागा लागते?

तुमच्या आईचे गुडघे दुखतात, असं लिहिलंत. त्यांचं दप्तर भरून त्यांना एकदा जिना उतरवून बघा. जड झालं तर त्यातलं काय काढलंत, ते मला जरूर कळवा.