१७ पोरांची शाळा

२० पेक्षा कमी पटाच्या शाळेत मुलांना 'शाळेचं वातावरण' मिळत नाही, म्हणून त्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात, हे एका लेखातलं म्हणणं मनाला लागलं. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत मी ९ वर्षं शिकवलं. पट १७.

जूनमध्ये पहिलीची पोरं दाराची चौकट धरून रडायची. त्यांना आत आणायचं काम चौथीच्या मुली करायच्या, मला कधी उठावंच लागलं नाही. खोली एकच, त्यामुळे तिसरीचे पाढे पहिलीच्या कानावर आपसूक पडायचे. एकदा चिंचोक्यांवर बेरीज चालली होती. दुसरीतल्या एकाने हातचा आलेला चिंचोका खरंच मुठीत घट्ट धरला आणि दशकाच्या घरात ठेवेपर्यंत मूठ उघडली नाही. हातचा म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं.

दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघायच्या. आजीपाशी राहिलेली तेवढीच पोरं उरायची. मार्च-एप्रिलमध्ये बाकीची परतली की जिथे थांबलो तिथून वाचन पुन्हा सुरू. ते जमायचं, कारण कोण कुठल्या धड्यावर अडलंय हे मला तोंडपाठ असायचं. ६० च्या वर्गात हे कोण लक्षात ठेवणार?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. आपल्या राज्यात त्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. आमच्या वस्तीपासून पुढची शाळा ३ किलोमीटरवर, मध्ये ओढा. गाडीची सोय करू म्हणतात. पावसाळ्यात त्या रस्त्याने बैलगाडीसुद्धा रुतते हो.