डेटाबेसच्या टेबलावर कन्स्ट्रेंट, म्हणजे नियम, घालताना त्याला एवढं एक नाव द्यायला काय होतंय ओ?

सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. (बोलताना आम्ही अजून बेळगावच म्हणतो, ते सोडा.) आमच्या पतसंस्थेला जाग आली आत्ता. नवीन सभासदाच्या फॉर्मवर शहर आपोआप ‘बेळगावी’ यायला पाहिजे म्हणे.

एका ओळीचं काम की हो! पण आमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर, आणि त्यात डिफॉल्टसुद्धा (रकान्यात आपोआप यायचा मजकूर) कन्स्ट्रेंटच असतोय. जुना काढल्याशिवाय नवा बसत नाही, आणि काढायचा तर त्याचं नाव पाहिजे. टेबल करणाऱ्या महाशयांनी ते दिलेलंच नाही. मग सर्व्हरनं आपल्या मनानं ठेवलं: डीएफ, पुढं टेबल-कॉलमची अर्धवट अक्षरं आणि मागं आकडे-अक्षरांचं शेपूट. बरं, ते शेपूट तरी सगळीकडे सारखं? छे! प्रत्येक शाखेचा डेटाबेस वेगळा, त्यामुळं निपाणीला एक, खानापूरला दुसरं, चिकोडीला तिसरंच. माझ्या मशीनवर गुमान चाललेली स्क्रिप्ट निपाणीत ‘असला कन्स्ट्रेंटच नाही’ म्हणून आपटली. आता सिस्टीमच्या टेबलांतून नाव हुडकून, त्याची स्ट्रिंग जोडून, मग ती चालवायची. एका ओळीच्या जागी पानभर कोड. कशासाठी? तर कुणाला तरी ‘डीएफ_सभासद_शहर’ एवढं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून!

जिथं नावं दिलीत तिथला थाट तर बघाच. कर्जाच्या टेबलावरच्या फॉरेन कीला (एक टेबल दुसऱ्याला बांधणारा कन्स्ट्रेंट) नाव काय, तर ‘एफके१’. जामीनदाराच्या टेबलाला तेच चिकटवायला गेले, तर एका स्कीमात (डेटाबेसमधल्या टेबलांच्या एका गटात) एकच नाव दोनदा चालत नाही, सर्व्हरनं अडवलं. मग काय, ‘एफके१_नवीन’. त्याच्यानंतर ‘एफके१_नवीन_फायनल’. अरे मर्दा, कोणतं टेबल कोणत्या टेबलाला बांधलंय ते लिही की! ऑरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तरी सुटका नाही, तिथं नाव दिलं नाही तर ‘सिस_सी’ आणि पुढं नुसता नंबर. पोस्टग्रेस हा तिसरा डेटाबेस तेवढा शहाणा, टेबल-कॉलमवरून वाचण्यासारखं नाव स्वतःच ठेवतोय.

वर साहेब विचारतात, “एक शब्द बदलायला एवढा वेळ?”

आज नव्या पोरानं ठेवींच्या टेबलाची स्क्रिप्ट पाठवलीय. युनिक (तेच दोनदा नको) आहे, चेक (अटीत बसायला पाहिजे) आहे, डिफॉल्ट तर चार-पाच आहेत. नाव एकालाही नाही. तशीच परत पाठवलीय.