'गाइड छापणारा रब्बाय' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, त्यामुळे उत्तरही लांबच होणार, म्हणून खाली कमेंटमध्ये न कोंबता वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताल्मुद, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ, साध्या माणसाला वाचता येईल असा करणारे इस्राएलचे रब्बाय (ज्यू धर्मगुरू) आदिन स्टाइनसाल्ट्झ यांच्यावर मी जे लिहिलं त्यावर या वाचकाचे तीन आक्षेप आहेत. एक, हा माणूस रब्बाय कमी आणि प्रकाशक जास्त, बारावीच्या गाइडसारखं ताल्मुदचं गाइड काढलं आणि त्याच्यावरच नाव कमावलं. दोन, धर्मातल्याच मोठ्या लोकांनी त्यांना विरोध केला आणि ते मी एका वाक्यात उरकलं. तीन, मराठी वाचकाला या सगळ्याचं काय पडलंय.

गाइडचंच आधी घेऊ, कारण तुमचा खरा राग तिथे आहे असं दिसतंय. ताल्मुदचं छापील पान तुम्ही कधी बघितलंय का? हिब्रू आणि अरामी या दोन भाषांची सरमिसळ, स्वरचिन्हं नाहीत, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. म्हणजे आत्ता प्रश्न चालू आहे का उत्तर, कोण कोणाला बोलतोय, मधेच कोणाचं मत खोडलं गेलं, हे सगळं वाचणाऱ्याने ओळखायचं, त्यात वर जागोजागी संक्षेप. लहानपणापासून येशिवात, म्हणजे त्यांच्या पाठशाळेत, गुरूसमोर बसलेल्या पोराला हे जमतं. पण ज्याच्या घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा धार्मिक दिवससुद्धा पाळत नाहीत त्याने काय करायचं? आणि इस्राएलमध्ये हिब्रू बोलणारे पण या पानासमोर बसले की गप्प, अशी लाखो माणसं होती. स्टाइनसाल्ट्झ स्वतः तसल्याच घरातले. 1937 चा जन्म, जेरुसलेम, आईवडील धार्मिक नाहीत, वडील पक्के डावे, स्पेनच्या यादवी युद्धात जाऊन आलेले. तरी पण वडिलांनी पोराला ताल्मुद शिकवायला मास्तर लावले, का तर मुलगा नास्तिक निघाला तर चालेल पण अडाणी राहिलेला चालणार नाही. पोरगा पुढे धार्मिक झाला हा भाग वेगळा. कॉलेजात गणित, फिजिक्स, केमिस्ट्री केलं, चोविसाव्या वर्षी शाळेचा हेडमास्तर झाला, देशातला सगळ्यात तरुण.

1965 मध्ये त्यांनी कामाला हात घातला. मूळ मजकुराला स्वरचिन्हं दिली, विरामचिन्हं दिली, अरामी भाग आजच्या हिब्रूत आणला, आणि दोन वाक्यांमधलं जे फक्त गुरूच्या तोंडून कळायचं ते भरून काढलं. शिवाय बाजूला टिपा, कुठली वनस्पती, कुठलं भांडं, हा पंडित कुठल्या गावचा. संपलं कधी, तर 2010 मध्ये. पंचेचाळीस वर्षं! गाइड काढणारा माणूस एवढा वेळ थांबत नाही हो, त्याला पुढच्या जूनच्या आत बाजारात यायचं असतं.

आणि गाइड ही शिवी असेल तर मग राशी नावाच्या जुन्या भाष्यकाराला पण द्या. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी बसून राशीने काय केलं? ओळीओळीखाली छोटं छोटं स्पष्टीकरण लिहिलं, अवघड शब्द आला तर सरळ त्या वेळच्या फ्रेंचमध्ये दिला, कारण विद्यार्थी घरी तीच भाषा बोलायचे. आज राशीशिवाय ताल्मुद वाचणं कोणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. आता त्या पानाचं घ्या, मधे मजकूर, एका बाजूला राशी, दुसऱ्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीनंतरच्या पंडितांची टिपणं. याच ठेवणीला हात लावला म्हणून स्टाइनसाल्ट्झवर एवढा गदारोळ झाला. ती ठेवण पक्की झाली ती व्हेनिसच्या छापखान्यात, 1520 च्या आसपास, डॅनियल बोम्बर्ग नावाच्या ख्रिस्ती माणसाकडे! पानांचे आकडे आजतागायत त्याचेच चालतात. म्हणजे जुनं झालं की सोवळं, नवं असलं की भ्रष्ट, असाच हिशोब ना?

आता दुसरा आक्षेप, विरोधाचा. हो, 1989 मध्ये रब्बाय शाख, म्हणजे हरेदी (कट्टर सनातनी ज्यू) जगातलं तेव्हाचं फार मोठं प्रस्थ, स्टाइनसाल्ट्झविरुद्ध कडक लिहिते झाले. ताल्मुदकडे एखाद्या लौकिक विद्येच्या पुस्तकासारखं बघितलंय, पावित्र्य जाईल, असा सूर होता. बायबलमधल्या माणसांवरच्या त्यांच्या पुस्तकावर पण आक्षेप होते, त्यातल्या काही जागा बदलायला स्टाइनसाल्ट्झ तयार झाले. मला हे लपवायचं कारण नाही. पण मग हेही घ्या की सुरुवातीच्या भागांना मोशे फाइनस्टाइनसारख्या हलाखाच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या, दिग्गजाने संमतीपत्र दिलं होतं. आणि पुढच्याच वर्षापासून आर्टस्क्रोल या प्रकाशनवाल्यांनी इंग्लिश ताल्मुद काढायला घेतला, स्पष्टीकरण तर स्टाइनसाल्ट्झपेक्षाही सविस्तर, अगदी हात धरून नेणारं, आणि तो याच मंडळींच्या घराघरात गेला. फरक एवढा की समोरच्या बाजूला वील्नाच्या जुन्या छापाचं पान जसंच्या तसं ठेवलेलं, आणि काढणारे आपल्यातले. त्यामुळे 'सोपं केलं म्हणून विरोध' हे मला पटत नाही, कोणी सोपं केलं यावर बरंच अवलंबून होतं.

खरं सांगायचं तर तुम्हाला टीका आणायचीच होती तर न्यूस्नरची आणायला पाहिजे होती. जेकब न्यूस्नर हे अमेरिकेतले अभ्यासक, त्यांनी स्टाइनसाल्ट्झ ताल्मुद चुकीचा सादर करतात म्हणून अख्खं पुस्तक लिहिलंय. तिथे मुद्दा सोवळ्याचा नाही, ताल्मुदची रचना मुळात कशी आहे याचा आहे, आणि त्यात दम आहे. तसंच 2004 मध्ये काही मंडळींनी सान्हेड्रिन, म्हणजे ज्यूंची प्राचीन सर्वोच्च धर्मसभा, नव्याने उभी करायचा घाट घातला, त्याचं प्रमुखपद स्टाइनसाल्ट्झनी का घेतलं ते मला अजूनही कळत नाही, 2008 मध्ये सोडलं ते बरं झालं.

आता तिसरा आक्षेप, मराठी वाचक. याचंच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. अलिबाग, पेण, पनवेल भागातले आपले बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, घरात मराठी बोलणारे. शब्बाथ होता, सुंता होती, शेमा, म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना, पाठ होता, पण शेकडो वर्षं ताल्मुद नव्हता. हिब्रू प्रार्थना मराठीत यायला एकोणिसावं शतक आणि जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखा माणूस यावा लागला. मग ही माणसं इस्राएलला गेली, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रमुख रब्बायांच्या कचेरीतून सूचना निघाली की बेने इस्राएल माणसाचं लग्न बाकीच्या ज्यूंशी लावायचं तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. शंका कशाची, तर यांच्याकडे घटस्फोट ताल्मुदच्या नियमाने झाले असतील का! जो ग्रंथ यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही त्याच्याच आधाराने यांची परीक्षा. माणसं रस्त्यावर आली, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, 1964 मध्ये प्रकरण संसदेपर्यंत गेलं तेव्हा सूचनेतून बेने इस्राएलचं नाव निघालं.

स्टाइनसाल्ट्झनी काम सुरू केलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाहीये. पण ग्रंथ मूठभरांच्या हातात राहिला की बाकीच्यांचं काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जायला नको, रायगड जिल्हा पुरे. 'माझ्या लोकांना कळू द्या' हे स्टाइनसाल्ट्झचं ब्रीद होतं, आणि 1989 मध्ये गोर्बाचेव्हच्या रशियात जाऊन मॉस्कोला त्यांनी शिक्षणसंस्था काढली ती पण त्याच कारणासाठी, तिथे तर दोन-तीन पिढ्यांना हिब्रू अक्षरसुद्धा बघायला मिळालं नव्हतं. रब्बाय म्हणून यापेक्षा वेगळं काय करायला हवं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

2017 पासून त्यांचा ताल्मुद इंग्लिशमध्ये सेफारियाच्या साइटवर फुकट आहे, लॉगिन नाही काही नाही. बराखोतचं, म्हणजे ताल्मुदच्या पहिल्या भागाचं, पहिलं पान उघडा. पहिलाच प्रश्न आहे, संध्याकाळी शेमा म्हणायचा तो नक्की किती वाजल्यापासून. मूळ शब्द ठळक टाइपात आहेत, स्टाइनसाल्ट्झनी घातलेले साध्या टाइपात, त्यामुळे कुणाचं काय ते लगेच दिसतं. आधी फक्त ठळक अक्षरं वाचत पान संपवून बघा आणि मग गाइडबद्दल बोलू.