चौथा प्लग

श्रावणाची झड लागली आणि आमच्या पिकअपचा पिकअप गेला. डिचोलीहून म्हापशाला जाताना सपाटीवर गाडी कशीबशी ओढायची. चढ आला की आचके. मागच्या हौद्यात मानकुराद आंब्याची कलमं असली तर प्रत्येक आचक्याला ती एकदम मान डोलवायची आणि मागून येणारे बसवाले हॉर्नवर हात ठेवूनच यायचे.

गॅरेजवाल्याने नुसता कान लावला आणि "मिस मारता" असा निकाल दिला. मग इंजिन चालू ठेवून तो एकेका कॉइलची क्लिप काढून परत लावायला लागला. पहिली काढली, इंजिन लटपटलं. दुसरीला, तिसरीला तेच. चौथी काढली, तर इंजिनाला पत्ताही नाही. म्हणजे चौथा सिलिंडर सरकारी नोकरीतल्या कायम माणसासारखा हजेरी लावून घरी बसला होता, आणि बाकीचे तिघे त्याचं काम ओढत होते.

"प्लग गेला. चारूय बदल."

"कधी करतोस?"

त्याने सीटखालच्या अंधाराकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुसत म्हणाला, "फाल्यां पळोवया." म्हणजे उद्या बघू.

चवथ तोंडावर आली की गोव्यातल्या मेकॅनिकचं 'फाल्यां' विसर्जनानंतरच उजाडतं. मी चार प्लग विकत घेतले आणि घरी आलो.

ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारा हा स्पार्क प्लग म्हणजे वस्तू केवढी? मुठीत झाकून जाईल एवढी. पण काम बघा. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस हजारांच्या वर करते आणि ती वीज प्लगच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर फट ओलांडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एकेक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ साली मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, आणि प्लग यांची जोडी जमवली, तेव्हापासून हा कारभार तत्त्वतः तोच आहे. पद्मिनी मोटारीच्या काळापर्यंत बॉनेट उघडलं की चारही प्लग समोर उभे असायचे. पाना लावा, फिरवा, काढा. मग कुणा हुशार माणसाला वाटलं की माल भरायला जागा जास्त हवी. त्याने गाडीचं नाक कापलं आणि इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली सरकवलं. हौदा लांब झाला, सगळे खूश झाले. तो माणूस कागदावर रेघ मारून घरी गेला असेल, जेवून झोपलाही असेल. मागच्या पत्र्याखाली हात घालून चौथा प्लग काढायची वेळ त्याच्यावर आली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात या कामाला दोन ओळी दिल्या आहेत. जुना प्लग काढा. नवा प्लग बसवा. भगीरथाच्या गोष्टीत 'गंगा आणली' एवढंच लिहून पान उलटावं, तसला प्रकार.

आमच्या बाबांनी आयुष्यभर खाणीवर टिपर चालवला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर गेला, पण अधिकारवाणी गेली नाही. टिपर डिझेलचा. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबतात की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. ठिणगीचा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या माणसाने उभ्या हयातीत स्पार्क प्लग हातात धरला नाही, तो टॉर्च घेऊन माझ्या डोक्यावर उभा राहिला.

"आमच्या टिपराला असलं काही नव्हतं," हे पहिलं वाक्य. ते दिवसभर अधूनमधून येत राहिलं.

इंजिन गार असताना काम करायचं, हा पहिला नियम. हेड अॅल्युमिनियमचं, गरम असताना प्लग ओढला तर प्लगबरोबर आटेही बाहेर येतात. म्हणून सकाळी चहाआधीच सीट उचलली, बोल्ट काढून ड्रायव्हरची सीट अंगणात ठेवली. तिच्यावर लगेच शेजारचे काका येऊन बसले. तीन प्लग सरळ निघाले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथा मागच्या पत्र्याच्या आत, एका ब्रॅकेटच्या खाली, वायरिंगच्या जुडग्याच्या मागे. उजवा हात घातला तर स्टिअरिंग बरगडीत रुततं. डावा घातला तर हात पोचतो, पण तोंड गिअरच्या दांड्याला लागतं. प्लग दिसत नाही. बोटाच्या टोकाला फक्त त्याची विहीर लागते. विहिरीत चिऱ्याच्या मातीचं लाल पाणी साचलं होतं. प्लग ढिला केला की ही घाण थेट सिलिंडरमध्ये पडणार, म्हणून आधी ती काढायला हवी. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असतो. आमच्याकडे सायकलचा पंप. बाबांनी जोर लावून हवा मारली. विहीर लखलखीत झाली आणि सगळी लाल माती माझ्या चष्म्यावर आली.

"निघाली?" बाबा म्हणाले.

"निघाली."

मग गोटी, म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, तिच्यावर एक्स्टेंशन, मध्ये वळणारा जॉइंट, पुन्हा एक्स्टेंशन, टोकाला रॅचेट. ही मिरवणूक ब्रॅकेटखालून वाकवून आत नेली आणि गोटी प्लगवर बसल्याचा 'खट' बोटांना कळला. रॅचेटला मागेपुढे हलायला जागा एका दात्यापुरती. एक दाता पुढे, एक मागे. दर दात्याला वरून प्रश्न, "हलला?" एवढ्यात पाववाला पोदेर आला. पाव राहिले सायकलवर. तोही वाकून बघायला लागला आणि "ऑइल सोड थोडें" म्हणाला. बायकोने घरातून हाक मारली, "अहो, पाव घेतले का?" मी गिअरच्या दांड्यामागून काहीतरी बोललो. ते कुणालाही कळलं नाही, तेच बरं झालं.

शेवटी करकर आवाज करत प्लग सुटला. गोटी बाहेर काढली तर रिकामी. आतलं रबर झिजलेलं, प्लग विहिरीच्या तळाशी तसाच उभा. पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा त्याच्या डोक्यावर घट्ट बसवला आणि हळू, अगदी हळू ओढला. आला.

बाबांनी चारही जुने प्लग सोप्यावर ओळीने मांडले आणि चष्मा लावला. तिघांच्या टोकाची चिनीमाती बिस्किटी रंगाची. म्हणजे तब्येत उत्तम. चौथा काळाठिक्कर, आणि त्याच्या वरच्या पांढऱ्या अंगावर केसाएवढी काळी रेघ. तडाच तो. ठिणगी फट ओलांडायची सोडून या रेघेतून पळून जात होती, पावसाची ओल तिला वाट करून देत होती.

"म्हणजे रंगावरून पोटातलं कळतं?" बाबांनी विचारलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. मी सांगितलं: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय, पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय. ते गप्प झाले. मग काकांना सीटवरून उठवून त्यांनी तेच सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं.

नवा प्लग बसवताना तोच पाइप. पाइपच्या टोकाला प्लग, आणि पाइप बोटांनी फिरवायचा. आटे वाकडे लागले तर पाइप नुसता घसरतो, आटे वाचतात. पान्याने सुरुवात केली तर पाना ऐकत नाही, आटे कापतो. सरळ बसला. मग रॅचेट. वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, बस.

"अजून घे," बाबा.

"नको."

"अरे, सुटेल घाटात! आम्ही चाकाचे नट पान्याला पाइप लावून वर उभं राहून आवळायचो."

"बाबा, हे चाक नव्हे."

"आमच्या टिपराला..."

मी रॅचेट काढूनच घेतलं.

कॉइल लावल्या, सीट लावली, किल्ली फिरवली. गाडी गुणगुणत उभी राहिली. बाबा शेजारी बसले. साखळीवरून केरीपर्यंत आणि पुढे चोर्ल्याच्या पहिल्या वळणांवर जाऊन आलो. एक आचका नाही. बाबा सारखे खाली, माझ्या सीटकडे बघत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

अंगणात गाडी थांबली तसे ते म्हणाले, "मस्त चालते. आता गार झाली की तो चौथा जरा काढूया. रंग कसा आलाय, बघू."

मी गोटी खिशात घातली आणि कलमं भरायला हाक मारली.