फाटकावरचे रूळ तरी ठेवा की!

आज दर्यापूरहून येताना डोकंच फिरलं. शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या छोट्या रेल्वेच्या, जुन्या फाटकावर डांबर टाकणं चालू होतं आणि रूळ त्याखाली गडप होत होते. विचारलं तर मुकादम म्हणे, "भंगार हाय ते, साहेब. गाडी येते का आता?"

येत नाही, माहीत आहे. म्हणून काय पुसूनच टाकायचं?

या फाटकावर गेटमन नव्हता. गाडी अलीकडे थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग तो फाटक उघडून धावत जाऊन चढायचा. आमचे बाबा लूनावर असले की त्याला उतरूच द्यायचे नाहीत. "बसा हो, मी लावतो!" पगार नाही, पास नाही, तरी रुबाब स्टेशनमास्तरचा.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, 190 किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात टाकलेली अडीच फुटी लाईन. देश स्वतंत्र झाला तरी मालकी खासगी कंपनीचीच राहिली. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. दुसरीकडे असती तर तिकीट लावून दाखवली असती! आपल्याकडे दर निवडणुकीत ब्रॉडगेज होते, निकाल लागला की पुन्हा रुळांत बाभळी.

हो, पावसात त्या रुळांवर दुचाक्या घसरतात. माझ्या मेव्हण्याचा गुडघा तिथंच फुटलाय. आणि अचलपूर ते मूर्तिजापूर 77 किलोमीटरला चार-चार तास लागायचे, तेही मान्य. पण रुळाच्या दोन्ही अंगांनी रस्ता नीट सपाट करता येतो की नाही? त्यासाठी गाडायलाच हवेत का?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मुकादमाचं काय चुकलं, पोट्टा विशीचा असेल, त्यानं गाडी पाहिलीच नसणार. बाबा फाटक लावून लूनाला टेकून उभे राहायचे आणि डब्यातली माणसं त्यांना हात करायची, हे त्याला कुठून कळावं? शेवटी शेवटी तर ड्रायव्हर लांबून शिटी देऊन बाबांनाच इशारा करायचा. आई म्हणायची, रेल्वेनं यांना पेन्शन द्यावी.

तरी अजून बरंच उरलंय, डोळे उघडे ठेवले तर दिसतं. फाटकाचा एक खांब शाबूत आहे, रुळाच्याच तुकड्याचा, पांढरा-लाल रंग पोपडे होऊन सुटलाय. रुळालगतच्या खाचेत माती आणि सरकी दाबून बसलीय. पुढं तुरीच्या वावरात 'सी/फा'चा पिवळा बोर्ड उभा आहे. सीटी, फाटक. ड्रायव्हरनं इथं शिटी वाजवायची.

तो बोर्ड उद्या कुणाच्या फार्महाऊसच्या गेटवर शोभेला लावलेला दिसला, तर मी तिथं येऊन भांडणार. आताच सांगून ठेवतो, मग मित्र म्हणून तोंड लपवू नका.