दया करायची तर आधी पकडा तरी

वारंवार चोरी करणाऱ्यांची शिक्षा कडक करायचा प्रस्ताव कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये लोकांच्या मताला टाकला होता, प्रॉप ३६. त्याला मी "हो" मत दिलं होतं हे एका गेट-टुगेदरमध्ये बोलून गेले आणि तेव्हापासून दोन्हीकडचे लोक माझ्यावर खट्टू आहेत. डाव्या विचारांच्या मैत्रिणी म्हणतात तूपण शेवटी त्यांच्यात जाऊन बसलीस, आणि आमचे काका लोक, ज्यांचं कॅलिफोर्नियाचं सगळं ज्ञान व्हॉट्सॲपवरून येतं, ते म्हणतात चला, आली एकदाची अक्कल ठिकाणावर. दोघांनाही तोंडी सांगून थकले म्हणून इथे लिहितेय, लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते फॉरवर्ड. "कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ आहे." नाही हो, माफ नाहीये. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या लोकांनी प्रॉप ४७ पास केलं, जवळजवळ साठ टक्के मतं पडली होती, आणि त्यात ९५० डॉलरपर्यंतची दुकानातली चोरी फेलनी न राहता मिसडिमीनर झाली, म्हणजे मोठ्याचा छोटा गुन्हा झाला, पण गुन्हाच, सहा महिन्यांपर्यंत काउंटी जेल होऊ शकते. आणि ज्या टेक्ससचं काका लोक इतकं कौतुक करतात ना, की तिकडे बघा कसा कडक कारभार, तिथे फेलनीची लाइन २५०० डॉलरला आहे. पंचवीसशे! हे सांगितलं की पलीकडून थोडा वेळ शांतता आणि मग गुड मॉर्निंगचा फोटो.

बरं, प्रॉप ४७ उगाच आकाशातून पडलं नव्हतं. १९९४ मध्ये याच राज्याने थ्री स्ट्राइक्सचा कायदा केला होता, म्हणजे मागचे दोन गंभीर गुन्हे नावावर असतील तर तिसऱ्याला थेट पंचवीस वर्षं ते जन्मठेप. त्यात एका माणसाने तीन गोल्फ क्लब चोरले, प्रत्येकी चारशे डॉलरच्या आसपास, मागचे गुन्हे नावावर होते म्हणून पंचवीस वर्षं ते जन्मठेप. दुसऱ्याने दीडेकशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट उचलल्या, पन्नास वर्षं ते जन्मठेप. कॅसेट! २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी दोन्ही शिक्षा कायम ठेवल्या. मग तुरुंग इतके भरले की क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं कोंबलेली, आजारी कैद्यांना धड डॉक्टर मिळेना, आणि २०११ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की गर्दी कमी करा. म्हणजे ज्यांना वाटतं की "हात तोडा, मग बघा" हाच उपाय आहे, त्यांच्यासाठी इथे वीस वर्षं प्रयोग झालेला आहे, वाचून घ्या. प्रॉप ४७ ला मी तेव्हा नागरिक असते तर डोळे झाकून मत दिलं असतं.

मग ३६ ला का दिलं? सांगते.

नाशिकहून मामा-मामी आले होते. सॅन फ्रान्सिस्को दाखवायला नेलं, ट्विन पीक्सवर गाडी लावली, वारा इतका की मामी पाच मिनिटांत खाली चला म्हणाली. परत येतो तर मागची काच फुटलेली, सीटवर साबुदाण्यासारखे काचेचे दाणे, आणि मामीची पिशवी गायब. पिशवीत काय, तर स्वेटर, बीपीच्या गोळ्या, आणि तिने घरून डब्यात आणलेल्या दशम्या. पासपोर्ट सुदैवाने मामांच्या खिशात. तिथे अजून दोन गाड्यांची तीच गत, आणि एक टुरिस्ट कुटुंब बिचारं सुटकेस मोजत उभं. फोन केला तर पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, कोणी जखमी नसेल तर ऑनलाइन रिपोर्ट भरा. भरला. केस नंबर आला, इन्शुरन्सला दिला, काच बसली, संपलं. कोणी विचारलं नाही, कोणी आलं नाही, शेजारच्या गाडीत डॅशकॅम होता त्याचं फुटेज कोणाला नको होतं. मामा रिटायर्ड कोर्ट क्लार्क, त्यांना चोरीपेक्षा याचंच जास्त नवल. "अगं पण पंचनामा?" असं ते गाडीत तीनदा म्हणाले.

आता काका लोक म्हणणार, बघ, हे त्या चेसा बुडीनमुळे. तर तेही नाही. मवाळ म्हणून नाव झालेला हा बुडीन सॅन फ्रान्सिस्कोचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे डीए, मुख्य सरकारी वकील, झाला जानेवारी २०२० मध्ये, आणि गाड्या फोडायचा उच्चांक झाला २०१७ मध्ये, वर्षाला एकतीस हजारांवर तक्रारी. तेव्हा शंभर फोडाफोडीत दोन जणसुद्धा पकडले जात नव्हते. जो पकडलाच गेला नाही त्याच्यावर केस चालवायची की नाही, हा प्रश्न डीएच्या टेबलापर्यंत येतोच कुठे? पण २०२२ च्या जूनमध्ये लोकांनी बुडीनला मधेच घरी पाठवलं, पंचावन्न टक्के मतांनी, आणि मला ते समजतं. कारण त्याची बाजू घेणारे लोक वर्षभर एकच टेप लावून बसले होते, की आकडे बघा, आकड्यांत गुन्हे वाढलेले नाहीत, तुम्हाला नुसतं वाटतंय. अरे, ज्याची काच फुटली त्याला ग्राफ काय दाखवताय. आणि अर्धे लोक रिपोर्ट भरायच्याही भानगडीत पडत नव्हते, मग आकडा वाढणार कुठून.

उलट बाजूचेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. मोठ्या दुकानांनी चोरीच्या नावाने जो काही आरडाओरडा केला, वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळीने तर सॅन फ्रान्सिस्कोतली दुकानं बंद करताना संघटित चोरीचं कारण पुढे केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्याच फायनान्सच्या साहेबाने गुंतवणूकदारांसमोर कबूल केलं की आम्ही कदाचित जरा जास्तच रडलो. मग रिटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने छापलेलं की दुकानांतल्या मालाच्या ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित चोरीमुळे, ते डिसेंबर २०२३ मध्ये गपचूप मागे घेतलं. तोपर्यंत कपड्यांचा साबण आणि टूथपेस्ट कुलपात गेलेली, बटण दाबा आणि दहा मिनिटं थांबा, तो मुलगा चावी घेऊन येतो आणि आपल्याकडे असा बघतो जणू आपणच कोलगेट पळवणार होतो.

मधेच सनीवेलचं प्रकरण झालं, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे कारण दुकान आपल्या पुण्याच्या पीएनजी ज्वेलर्सचं. जून २०२४, भरदिवसा वीसेक जण हातोडे घेऊन आत घुसले, काचा फोडल्या, दागिने भरले, पळाले. पोलिसांनी पाठलाग करून त्यातले पाच जण त्याच दिवशी पकडले. त्या रात्री आमच्या ग्रुपवर दोनशे मेसेज, "घ्या अजून ९५० डॉलर." पण मंडळी, त्या प्रकाराचा ९५० शी काडीचा संबंध नाही. हातोडे घेऊन सोन्याचं दुकान लुटणं हे प्रॉप ४७ च्या आधीही फेलनी होतं, नंतरही फेलनी होतं. तो व्हिडिओ मात्र ३६ च्या प्रचारात सगळीकडे फिरला.

खरी मेख वेगळीच होती, आणि ती इतकी कंटाळवाणी आहे की तिच्यावर कोणी मीम बनवत नाही. कॅलिफोर्नियात मिसडिमीनर पोलिसाच्या डोळ्यांसमोर झाला नसेल तर साधारणपणे त्याला वॉरंटशिवाय अटक करता येत नव्हती. दुकानदाराने स्वतः सिटिझन्स अरेस्ट करायची, म्हणजे साधा नागरिक म्हणून आपणच चोराला धरायचं, आणि बऱ्याच मोठ्या दुकानांचा स्टाफला नियम की चोराला हात लावायचा नाही. घ्या! मग चोर बाहेर पडला, कॅमेऱ्यात चेहरा स्वच्छ दिसतोय, पोलिस दहा मिनिटांनी येऊन नोंद करून जातो. शिक्षा कमी केली म्हणून नव्हे, तर गुन्ह्याचा दर्जा उतरल्याबरोबर अटकेचा रस्ताही बंद झाला म्हणून सगळं ढिलं पडलं, आणि हे २०१४ ला कोणी नीट बोललंच नाही. गाड्यांचं तर याहून भारी. गाडी फोडल्याचा गुन्हा सिद्ध करायला सरकारी वकिलाने दाखवायचं की दारं लॉक होती! काच फुटलेली आहे, आतलं सामान गेलंय, पण मालक जर टुरिस्ट असेल आणि साक्ष द्यायला जर्मनीहून परत येणार नसेल तर लॉक होतं हे सांगणार कोण. स्कॉट वीनर नावाचा इथला सिनेटर कितीतरी वर्षं ही पळवाट बुजवायच्या मागे होता, ती बुजवणाऱ्या कायद्यावर सही झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याच वेळी तो अटकेचा नियमही बदलला, आता फुटेज किंवा साक्षीवरून दुकानातल्या चोराला पकडता येतं.

आणि गंमत बघा. सॅन फ्रान्सिस्कोत गाड्या फोडायचं प्रमाण २०२४ मध्ये निम्म्याहून कमी झालं. प्रॉप ३६ लागू झालं त्या वर्षीच्या १८ डिसेंबरला. म्हणजे घट झाली ती कडक शिक्षेच्या आधीच! पोलिसांनी सापळ्याच्या गाड्या लावल्या, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवले, ड्रोन उडवले, आणि फोडणाऱ्या टोळ्या मुळात थोड्याच होत्या, त्या हाताला लागल्या. ड्रोनबद्दल माझे वेगळे आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी.

"मग ३६ ला मत कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे. ३६ प्रमाणे चोरीच्या दोन शिक्षा आधीच नावावर असतील तर तिसरी चोरी कितीही छोटी असली तरी फेलनी करता येते. मला त्यातली तुरुंगाची बाजू आवडत नाही, आणि उपचारांच्या नावाने जे लिहिलंय त्याला स्वतःचा निधीच दिलेला नाही. तरी दिलं, कारण त्या मतपत्रिकेवर समोर दुसरं काही कोणी ठेवलंच नव्हतं. गव्हर्नर न्यूसम विरोधात, आणि कमला हॅरिस, ज्या स्वतः या राज्याच्या ॲटर्नी जनरल होत्या, त्या अध्यक्षपदाला उभ्या असताना आपण ३६ वर काय मत दिलं हे सांगायलाच तयार नाहीत. अडुसष्ट टक्के लोकांनी हो म्हटलं, सॅन फ्रान्सिस्कोतसुद्धा पास झालं. हे सगळे एका रात्रीत ट्रम्पवाले झाले असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा बाहेर पडून किराणा दुकानवाल्याशी बोलावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दया ही न्यायाधीशाने करायची गोष्ट आहे. पकडा, समोर उभं करा, का केलं विचारा, पहिल्यांदा केलं असेल तर सोडा, व्यसन असेल तर उपचाराला पाठवा, दोन महिन्यांचं काम द्या, माझी काही तक्रार नाही, उलट मी टाळ्या वाजवेन. पण तक्रारच नोंदवायची नाही, फुटेज बघायचं नाही, आणि त्याला पुरोगामी धोरण म्हणायचं, हा निव्वळ आळस आहे. त्यात गरिबाचं भलं होतं म्हणतात तेही पटत नाही, कारण विमा असलेल्या माझ्यासारखीची काच चार दिवसांत बसते, ज्या माणसाच्या जुन्या टोयोटात त्याची रंगकामाची हत्यारं होती त्याचा रोज बुडतो.

आता भारतातल्या मित्रांनो, हसू नका. तुमच्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम ३०३ वाचा. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच वेळ, वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवा. कल्पना मला आवडली, खरंच. पण सोबत आलेल्या प्रक्रियेच्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तक्त्यात हीच पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र करून ठेवली आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिस तपास करणार नाहीत, अटक तर लांबच. ओळखीचं वाटतंय ना? हुबेहूब तीच कॅलिफोर्नियाची चूक. फरक इतकाच की इथे लोकांनी यावर पुन्हा पुन्हा मतदान केलं, दहा वर्षं भांडले, डीए घरी पाठवले. तिकडे डिसेंबर २०२३ मध्ये ही विधेयकं संसदेत पास झाली तेव्हा त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित केलेले होते. चर्चा कोण करणार, बाकं?

तशी आपल्याकडे ही सवलत कायद्याच्या आधीपासूनच आहे म्हणा. माझ्या भाच्याचा मोबाइल बसमधे चढताना खिशातून मारला. चौकीत गेला तर साहेब म्हणाले, "चोरी कशाला लिहितोस, गहाळ लिही, लगेच सर्टिफिकेट मिळेल, सिम चालू होईल." त्याला कॉलेजला जायचं होतं, त्याने लिहिलं. वर्षाअखेरीला त्या चौकीचा चोरीचा आकडा छान दिसला असणार.

आणि त्याच वेळी गावाबाहेर पारध्यांची पालं असली की तालुक्यात कुठेही घर फुटलं तरी पहिली गाडी तिकडेच जाते. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, सोलापुरात तेव्हाच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात, आणि पोलिसांच्या डोक्यातली यादी काही रद्द होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हे आपल्याइतकं नियमाने कोणी करत नसेल. म्हणून जेव्हा काका लोक मला म्हणतात की भारतात बरं आहे, पोलिस चांगले सोलतात, तेव्हा मी विचारते, कोणाला?

असो. मामा परत गेल्यावर त्यांना मी कलम ३०३ चं पान पाठवलं, कोर्टात आयुष्य गेलं म्हणून. त्यांचा पहिला प्रश्न, "ही समाजसेवा करून घेणार कोण, बेलिफ?" मला उत्तर देता आलं नाही. तर इथे कोणी वकील, पोलिस, कोर्टात काम करणारे असाल तर सांगा, महाराष्ट्रात पाच हजारांखालच्या चोरीत प्रत्यक्ष समाजसेवेची शिक्षा झालेली कोणी बघितली आहे का, काय काम दिलं, हजेरी कोणी घेतली. आणि ९५० चं फॉरवर्ड कमेंटमध्ये टाकणाऱ्याला मी टेक्सस लिहून रिप्लाय देणार आहे, फक्त टेक्सस.